भाताला पाप म्हणणारी भाषा

कोरियन भाषेत भाताला काय म्हणतात सांगू? पाप. म्हणजे अगदी ठसठशीत पाप नाही, पाप आणि बाप यांच्या मधलं कायतरी, ओठ मिटून सुरू करायचं आणि ओठ मिटूनच थांबायचं, शेवटी हवा बाहेर सोडायची नाही. मी हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हणून बघत होते तेव्हा आप्पा सोप्यात पेपर वाचत बसलेले. चष्म्याच्या वरनं माझ्याकडं बघितले आणि म्हणाले, "सकाळी सकाळी कुणाचा बाप काढालीस गे?"

ही गोष्ट २०२० च्या लॉकडाऊनची. आम्ही वडगावात राहतो. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा भाग, इथं एरवी डोळे उघडायच्या आधी कानात मागाचा खडखडाट शिरतो आणि सवय इतकी की तो आम्हाला ऐकूच येत नाही. त्या एप्रिल-मेमध्ये माग बंद पडले. गल्लीत अशी शांतता की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसावं. आणि त्या शांततेत वरच्या मजल्यावरनं, बहीण राहते तिथनं, दिवसभर एकच आवाज यायचा, भाचीच्या मोबाईलवरची कोरियन गाणी. नुकती आठवीत गेलेली पोरगी, बीटीएस नावाच्या सात पोरांच्या बँडनं तिला पार खुळं करून सोडलेलं. कपाटाच्या दारावर सातही जण चिकटवलेले. मी पहिल्याच दिवशी "सगळे सारखेच दिसतात की गे" म्हणून बसले आणि दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. बरोबरच होतं तिचं, आता त्या वाक्याची माझी मलाच लाज वाटते.

गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये आलेलं त्यांचं जे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक नंबरला गेलं त्यात कोरियन शब्द जवळजवळ नाहीच, सगळं इंग्रजी. भाची ते दिवसाला पन्नास वेळा लावायची. मला मात्र त्यांची जुनी गाणी लागायची, ज्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. न कळणाऱ्या गाण्याची मला लहानपणापासनंच सवय आहे, पलीकडच्या गल्लीतल्या देवळातनं पहाटे कन्नड भक्तिगीतं लागायची, अर्थ माहीत नसायचा पण चाल आणि शब्द दोन्ही पाठ, आजही अंघोळ करताना मधनंच एखादी ओळ बाहेर पडते आणि आप्पा बाहेरनं खाकरतात.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. फाउंड्री बंद, करायला काही नाही, आणि आकड्यांवर जगणाऱ्या माणसाला रिकामा वेळ म्हणजे शिक्षा. एक दिवस भाचीची वही हातात आली. तिनं गाणी इंग्रजी अक्षरात उतरवून घेतलेली, तीस-चाळीस तरी. अर्थ नाही, नुसते उच्चार. मी लेजर बघावं तशी ती बघायला लागले आणि मला बेरजा दिसायला लागल्या. इतक्या ओळींच्या शेवटी 'यो'. शब्दांना मागनं 'नुन' लागतंय, 'रुल' लागतंय, 'ए' लागतंय, आणि मागचा शब्द बदलतो पण हे शेपूट तेच. रात्री अकराच्या सुमारास डोक्यात उजेड पडला की अगे हे प्रत्यय आहेत! ने, ला, त, चा तसले. आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच, वाक्य संपेपर्यंत माणूस काय केला ते कळूच द्यायचं नाही. त्या रात्री मी भाचीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, मावशी झोप की.

त्या बँडचा लीडर आरएम स्वतः इंग्रजी शिकला ते आईनं आणलेल्या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीड्या बघून, हे त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. मग मी गाणी ऐकून कोरियन शिकले तर काय बिघडलं, असा विचार करून मोबाईलवर डुओलिंगो हे भाषा शिकायचं अ‍ॅप टाकलं.

लिपीपासनं सुरुवात. कोरियन लिपी, हांगुल, ही जगातल्या थोड्या लिप्यांपैकी आहे जिचा जन्मदाखला हातात आहे. सेजोंग नावाच्या राजानं १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तोपर्यंत लिहायचं तर चिनी अक्षरं, जी शिकायला अर्धं आयुष्य जायचं, म्हणजे लिहिणंवाचणं वरच्या लोकांचं. दरबारातल्या पंडितांनी विरोध केला, आणि पुढं कित्येक वर्षं ही बायकांची लिपी म्हणून तिला हिणवलं पण गेलं. तिच्याबरोबर जे पुस्तक काढलं त्यात लिहिलंय की शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मूर्खाला दहा दिवस लागतील. मला चार दिवस लागले. कुठं बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

अक्षरांचे आकार तोंडावरनं घेतलेत. 'न' म्हणताना जीभ टाळ्याला टेकते, तर अक्षर त्या वाकलेल्या जिभेसारखं, काटकोनासारखं. 'म' म्हणजे चौकोनी तोंड. 'स' दातासारखा टोकदार. मला एकदम पहिलीतली मुळाक्षरं आठवली, कंठ्य तालव्य मूर्धन्य दंत्य ओष्ठ्य, बाईंनी पट्टी घेऊन पाठ करून घेतलेली. आणि आपला तो बिचारा ङ! क ख ग घ नंतर निमूट उभा असलेला, वाङ्मय सोडला तर आयुष्यात कुठं भेटला नाही. कोरियनमध्ये त्याचं राज्य. प्रेमाला सारांङ म्हणतात, म्हणजे दर दुसऱ्या गाण्यात ङ. अक्षर म्हणजे नुसतं एक वर्तुळ, सुरुवातीला आलं तर मुकं, खाली आलं तर ङ. अक्षरं एकापुढं एक लिहीत नाहीत, एका चौकोनात रचतात, व्यंजन, बाजूला नाहीतर खाली स्वर, आणि तळाला शेवटचं व्यंजन. हे तळाला बसणारं व्यंजन बघून मला कन्नडातली ओत्ताक्षरं आठवली, ती पण अशीच पायाशी लटकलेली असतात.

आणि इथं माझी जरा पंचाईत झाली. कारण चार दिवसांत मी एका अशा देशाची लिपी शिकले जिथं मी बहुतेक कधी जाणार नाही. आणि कन्नड? शाळेत होतं, दहावीला मार्कही बरे पडलेले, पाट्या वाचता येतात, चलन वाचता येतं. पण बसमध्ये कंडक्टरनं दोन वाक्यं जास्तीची बोलली की मी "हौद्री हौद्री" करून खिडकीबाहेर बघणार. आमच्या घरात कन्नड उंबऱ्याच्या बाहेर. आप्पा चाळीस वर्षं सुताच्या व्यापाऱ्यांशी कन्नडात घासाघीस केले, शिव्यासुद्धा अस्सल कन्नड, पण सोप्यात पाय ठेवला की मराठी. १९५६ ला राज्यं पाडली आणि आम्ही इकडं आलो, तेव्हापासनं भाषा म्हणजे आमच्याकडं बोलायची गोष्ट कमी आणि कुठल्या बाजूला आहेस ते दाखवायची जास्त. पाटी, फॉर्म, उतारा, लग्नपत्रिका, सगळ्यात. २०२४ मध्ये दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे हा कायदा झाला तेव्हा आमच्या गल्लीतला टेलर खरंच टेप लावून पाटी मोजत होता. कोरियन शिकताना मला पहिल्यांदा असं झालं की कुणी विचारलं नाही, ही कुणाच्या बाजूची?

बरं, ते असू दे. खरी मजा व्याकरणात आली. ही सगळी अ‍ॅप आणि व्हिडिओ कोरियन शिकवतात इंग्रजीतनं. एक अख्खा धडा होता, एखादी गोष्ट करायचा प्रयत्न करणे हे कसं सांगायचं. इंग्रजीत तो बाबा वीस मिनिटं समजावतोय की मूळ क्रियापदाला बघणे हे क्रियापद जोडतात, पण इथं डोळ्यांनी बघायचा काही संबंध नाही, हे विचित्र वाटेल पण लक्षात ठेवा. मॉगॉ ब्वा. मॉगॉ म्हणजे खाऊन, ब्वा म्हणजे बघ. खाऊन बघ! ह्यात विचित्र काय आहे? आई रोज म्हणते की, मीठ बरं झालंय काय खाऊन बघ. कन्नडात पण हेच, तिंदु नोडु. मग पुढचा धडा, हे जुसेयो, करून द्या. त्याच्या पुढचा, खाण्याला टाकून देणे जोडलं की खाऊन टाकलं. मी नुसती हसत सुटले. जिथं इंग्रजीवाले डोकं खाजवत बसलेत तिथनं आम्ही चप्पल न काढता आत.

आणि नाती! इंग्रजीतल्या एका आंटीत सगळ्या कोंबलेल्या. कोरियनमध्ये मावशी इमो, आत्या गोमो, वेगवेगळ्या. खानावळीतल्या अनोळखी बाईला पण इमो म्हणूनच हाक मारतात, आपण गणपत गल्लीत कोथिंबीरवालीला मावशी म्हणतो तसं. माझी आई न म्हणता आमची आई म्हणतात. नवऱ्याला सुद्धा आमचा नवरा, म्हणजे 'आमचे हे'. भाची त्या दिवसापासनं मला इमो म्हणायला लागली ती आजपर्यंत.

वडिलांना काय म्हणतात माहिताय? आप्पा. आई ऑम्मा, बाबा आप्पा. मी म्हणजे ना, तू म्हणजे नॉ, आणि कन्नडात नानु, नीनु. हे कळल्यावर मी उड्याच मारल्या, पण पुढं वाचलं तर ह्या उड्या आधीच मारून झालेल्या. होमर हल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन माणसानं १९०५ मध्येच कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणाची तुलना करणारं पुस्तक काढलेलं. आजचे भाषातज्ज्ञ ते नातं मानत नाहीत, असे सारखे दिसणारे मोजके शब्द कुठल्याही दोन भाषांत सापडतात, आणि तान्ही पोरं जगभर ओठ मिटूनच पहिला शब्द काढतात. तरी कोरियन तमिळमधनं आली असा फॉरवर्ड वर्षातनं दोनदा तरी येतोच, मी आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय.

आकड्यांचं वेगळंच. त्यांच्यात मोजायच्या दोन पद्धती, एक घरची, एक चीनकडनं आलेली. वय घरच्या आकड्यात, पैसे चिनी आकड्यात. घड्याळात तर तास घरचा आणि मिनिटं चिनी, बारा वाजून बारा मिनिटं म्हणायचं तर दोन्ही बारा वेगळे. मी अकाउंटंट असून महिनाभर त्यात मार खाल्ला. मग रविवारी बाजारात उभी होते आणि लक्षात आलं, मी वांगी मोजतेय मराठीत, बाई भाव सांगतेय कन्नडात, आणि मी मोबाईलवर पैसे टाकताना आकडा म्हणतेय इंग्रजीत. त्यांचं दोनवर भागतं म्हणजे सुखी लोक.

आता पुण्याचं सांगते. मी दोन वर्षं पुण्यात होते, नोकरीसाठी, हॉस्टेलवर. पहिल्याच आठवड्यात बाहेरनं आले आणि दारातनं म्हटलं, "आलो गे." खोलीतल्या दोघी एकमेकींकडं बघून फुटल्या. आलो? तू मुलगा आहेस का? आमच्याकडं बायका पण आलो, गेलो, जेवलोच म्हणतात, त्यात कधी कुणाला पुरुष दिसला नाही. मी चहा पिलो, मी पुस्तक वाचलो. वरती मी 'आप्पा बघितले' असं लिहिलंय, 'आप्पांनी बघितलं' म्हणायची पद्धत आम्हाला माहीत आहे, येत नाही असं नाही. तसंच 'तो येतो म्हणून सांगितला'. पुण्यात शिकवण्यात आलं की 'तो म्हणाला की मी येतो', की आधी, बाकीचं मागनं. आणि संध्याकाळी कुणी पाहुणी मैत्रीण आली की मला मधे बसवून, ए, बेळगावचं कायतरी बोल ना. वाईट नव्हत्या पोरी, आजही बोलणं आहे. पण तीन महिन्यांत मी आले, गेले, जेवले झाले. हा लेख पण बघा, आले-गेलेच लिहितेय. हात तसाच वळलाय.

तर कोरियन क्रियापदाला लिंगच नाही. आलो-आले प्रश्नच मिटला. कन्नडात मी आलो म्हणताना पण नाही, बंदे म्हटलं की झालं, बाई असो बुवा असो. आणि 'येतो म्हणून सांगितला' हे कोरियनमध्ये अगदी ह्याच रचनेत, ओन्दागो हेस्सॉयो, येतो आधी, म्हणून मधे, सांगितला शेवटी. कन्नडात बर्तीनि अंत हेळिदा. म्हणजे पुण्यात जे चुकलं म्हणून खोडून घेतलं ते कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, व्याकरणाच्या पुस्तकात बरोबरची खूण करून छापलंय. मी तो धडा संपवून उगाचच चहा करून पिलो.

पण सोलला पण त्यांचं पुणं आहेच. भाषा शिकायच्या एका अ‍ॅपवर मला देगू शहरातली एक बाई भेटली, पन्नाशीची, तिला इंग्रजी बोलायचं होतं, मला कोरियन, आम्ही दोघी आठवड्यातनं एकदा एकमेकींची भाषा मोडायचो. एकदा व्हिडिओवर बोलताना मागनं तिची म्हातारी आई आली. आणि ह्या बाईचा आवाजच बदलला. वर-खाली हेलकावे, शब्दांची टोकं गिळलेली, मला शंभरातला एक शब्द कळेना. म्हातारी स्क्रीनकडं बघून मला म्हणाली, "पाम मुन्ना?" मी पुस्तकात शिकलेले पाम मॉगॉस्सॉयो, म्हणजे भात खाल्लास काय, म्हणजे जेवलीस काय, तिकडं खुशाली विचारायची हीच पद्धत. लिहायचं पाप आणि पुढच्या म मुळं म्हणायचं पाम. म्हातारीनं त्याची घडी करून करून पाम मुन्ना एवढंच ठेवलेलं. मी ते जोरात म्हणून दाखवलं, म्हातारी खूश. आणि ती बाई ओशाळून घाईघाईनं म्हणाली, नको नको, हे शिकू नकोस, हे सातुरी आहे, हे बरोबर कोरियन नाही.

सातुरी म्हणजे गावाकडची बोली. ती "नको नको" अगदी आमच्या आईच्या आवाजातलं होतं. पुण्याचे पाहुणे आले की आई स्वयंपाकघरात मला चिमटा काढून सांगते, नीट बोल.

मग मी शोधायला लागले. प्रमाण कोरियन म्हणजे काय ह्याची सरकारी व्याख्याच आहे, १९८८ च्या नियमात, सुशिक्षित लोक सर्रास वापरतात ती आजची सोलची भाषा. म्हणजे बाकीच्यांची कसली? ह्या बँडमधले चार-पाच जण देगू, बुसान, ग्वांगजूकडचे, सोलपासनं लांबचे. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एक अख्खं गाणं आपापल्या बोलीत भांडत म्हटलंय, आणि टीव्हीवर गेले की सूत्रसंचालक हसत हसत त्यांना सांगणार, सातुरीत कायतरी बोलून दाखव. पोरगं लाजणार, डोकं खाजवणार, मग बोलणार. सगळे टाळ्या. मी तो व्हिडिओ बघताना मला त्या पोराच्या चेहऱ्यावरचं हसू ओळखीचं वाटलं, हॉस्टेलच्या आरशात बघितलेलं.

ह्या सगळ्यात आप्पा कुठं होते? सोप्यात. "दोन भाषांनी भागंना व्हय?" एवढंच विचारायचे. एक नोव्हेंबरला त्यांना मी जाळ्यात पकडलं. इथं त्या दिवशी काय असतं बाहेरच्यांना माहीत नसेल, चन्नम्मा सर्कलला कर्नाटकाचा राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, डीजे, आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला काळा दिन, काळे कपडे घालून निषेधाची सायकल फेरी. आप्पा तरुणपणापासनं फेरीत. त्या वर्षी गुडघा धरलेला म्हणून घरी, चिडचिड नुसती. मी त्यांना कोरियन डिक्शनरीची गोष्ट सांगितली. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. शेवटी शेवटी शाळेतनं कोरियन काढून टाकली, १९४० पासनं लोकांना नावं सुद्धा जपानी घ्यायला लावली. त्या काळात काही मंडळी कोरियन शब्दकोश करायला बसलेली, गावागावातनं शब्द गोळा करून. १९४२ मध्ये त्यांना धरलं, हस्तलिखितं पुरावा म्हणून जप्त. दोघं जण कैदेतच गेले. जपान हरल्यावर १९४५ च्या सप्टेंबरात ते गठ्ठे सोल स्टेशनच्या गोदामात सापडले, आणि १९४७ ला पहिला खंड निघाला.

आप्पा पेपर खाली ठेवून ऐकले. "स्टेशनच्या गोदामात?" दोनदा विचारले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, डोळे पुसले असतील किंवा चष्मा पुसला असेल. मला माहीत होतं ते ह्या गोष्टीत आम्हाला कुठं बसवतायत. आणि मला हे पण माहीत होतं की शाळेतल्या माझ्या कन्नडच्या सरांना हीच गोष्ट सांगितली असती तर ते पण असेच गप्प झाले असते आणि स्वतःला त्याच जागी बसवले असते. बेळगावात प्रत्येकजण कोरिया असतो, जपान नेहमी समोरचा. हे मी आप्पांना बोलले नाही. त्यांचा गुडघा दुखत होता.

गल्लीत माझं नाव 'चायनीज शिकणारी' असं पडलं. गणपतीत भाची आणि तिच्या मैत्रिणी मंडपात नाचल्या तेव्हा माईकवरच्या कार्यकर्त्यानं जाहीर केलं, आता सादर होत आहे चायनीज डान्स, भाची स्टेजवरनंच ओरडली, कोरियन ओ काका! मी खुर्चीत बसून शब्द म्हणत होते, शेजारची काकू म्हणाली, मंत्र म्हणालीस काय?

कन्नडचं काय झालं म्हणाल तर फार काही नाही, मी कन्नड कवयित्री वगैरे झालेली नाही. एवढंच झालं की शनिवारी ज्या बाईकडनं मी मेथी घेते, तिचं बोलणं मला तुकड्यातुकड्यात ऐकू यायला लागलं. कोरियनमध्ये आदरासाठी शेवटी 'यो' चिकटवतात, तसं इकडच्या कन्नडात 'री'. हेळ म्हणजे सांग, हेळ्री म्हणजे सांगा. बा म्हणजे ये, बर्री म्हणजे या. इतकी वर्षं मी ते 'री' नुसतं भाजीच्या पिशवीबरोबर घरी आणत होते, कधी उघडून बघितलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "ऊटा आतेनवा?" जेवण झालं काय गे. मला पाम मुन्ना ऐकू आलं. मी म्हटलं, "इन्ना इल्ल, निम्दु?" अजून नाही, तुमचं? बस एवढंच. ती भाकरीचं फडकं सोडून बसलेली, सरकून जागा केली आणि मिरचीचा ठेचा पुढं केला. मी उभ्या उभ्याच एक घास घेतला. पुढं ती जे बोलली त्यातलं निम्मं कळलं नाही, तरी खिडकीबाहेर बघायला तिथं खिडकी नव्हती.

भाचीचं वेड केव्हाच उतरलं. २०२२ च्या डिसेंबरात बँडमधला सगळ्यात मोठा, जिन, सैन्यात गेला तेव्हा ती जेवली नव्हती. २०२४ च्या जूनमध्ये तो परत आला तेव्हा ती पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, क्लासला जात होती, मीच तिला सांगितलं, ती म्हणाली, हो का इमो? छान. आता हुबळीला इंजिनिअरिंगला आहे. पण एक सवय राहिली, आम्ही दोघी मोबाईलवर मराठी लिहितो ते हांगुलमध्ये, म्हणजे बहिणीला वाचता येऊ नये. फार हाल होतात मराठीचे. र आणि ल ला एकच अक्षर, भ आणि घ चा पत्ता नाही, ट आणि त एकाच ताटात. 'भाजी खराब आहे' हे 'पाजी काराप आहे' असं पोचतं. तरी कळतं.

परवा आप्पा माझ्या मोबाईलमध्ये डोकावले. "बेळगाव लिही बघू त्यांच्यात."

मी लिहिलं. बेल्गाऊ.

"आनि ते सरकारी?"

२०१४ च्या एक नोव्हेंबरला शहराचं नाव बेळगावी झालं, आप्पा ते नाव तोंडानं घेत नाहीत, 'ते सरकारी' म्हणतात. मी लिहिलं, बेल्लागावी. आणि मला हसू फुटलं, कारण शेवटची दोन अक्षरं मिळून, गावी, ह्याचा कोरियनमध्ये अर्थ होतो कात्री. आप्पांना सांगितलं.

"कात्री?" आप्पा म्हणाले. "मग बरोबरच आहे की. छप्पन साली कापूनच घातलेत न्हवं आम्हाला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन परत मोबाईलकडं बघितले. "पण हे बेल काय? बेळ लिही की."

"ळ नाही आप्पा त्यांच्यात. ल वरच भागवायचं."

"ळ नाही?" आप्पांना हे खरंच वाटेना. दोनदा जीभ वळवून ळ, ळ करून बघितले. "मग वेळ कसं म्हणतात? काळ? बाळ?" थोडा वेळ पेपराची घडी घालत बसले, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कन्नडात आहे की ळ."

"आहे. हेळु, केळु."

"हां," म्हणाले, आणि आत तोंड करून आईला ओरडून सांगितले, "अगे ऐकलीस काय, त्या कोरियाच्या लोकांच्यात केळं खायची सोय नाही म्हणे."